प्रॉम्प्टरचं एक मिनिट

चंद्रपूरच्या एका हॉटेलात दर बुधवारी सकाळी सात वाजता व्यापारी लोकांची बैठक भरते. पंचवीस-तीस जण येतात. एकेकानं उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, धंदा सांगायचा, कुणाशी ओळख करून हवी तेही सांगून टाकायचं. त्यासाठी मिनिटभर वेळ. मिनिट झालं की अध्यक्ष टेबलावरची घंटी वाजवतात आणि माणूस खाली बसतो. सगळ्यांचं झालं की पोहे येतात.

त्या एका मिनिटानं माझी दोन महिने झोप उडवली होती. आणि गंमत अशी, की त्याआधी सत्तावीस हंगाम मी बोलण्याचंच काम केलं होतं.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो. आमच्या वडसा-ब्रह्मपुरीकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नट आज या गावात तर उद्या त्या गावात, तालमीला सवड कुणाला? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात खड्डा खणतात. त्यात पेटीवाला, तबलेवाला, आणि त्यांच्या बाजूला पुस्तक उघडून प्रॉम्प्टर. नटाच्या आधी प्रत्येक वाक्य तो बोलतो. राजा मीच, त्याला फसवणारा दिवाण मीच, आणि सासूचा छळ सोसणारी सूनही मीच. नटाला स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे, पण पहिल्या रांगेत बसलेल्या पाटलाच्या कानावर अक्षर पडता कामा नये. ही कला आहे, आणि ती मला येते. याबाबतीत मी नम्र वगैरे नाही.

नाटक संपलं की सगळे नट ओळीनं उभे राहून प्रेक्षकांना हात जोडत. तेव्हा मी खड्ड्यात पुस्तकाची सुटी पानं गोळा करत असे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खड्ड्यात माझा जीव रमायचा.

बायकोची ओळख तिथलीच. तिचे वडील नाटक कंपनीचे पडदे शिवत. एकदा दुसऱ्या अंकाच्या तोंडावर पडदा टरकन फाटला, तर वडलांच्या जागी ही सुई-दोरा घेऊन आली. खड्ड्याच्या काठावर बसून टाके घातले आणि उरलेलं नाटक तिनं तिथूनच पाहिलं. जाताना मला म्हणाली, "सगळ्यात जास्त तं तुमीच बोलता. अन् दिसत मात्र नाई कोनाले." पुढच्या हंगामात आमचं लग्न झालं.

लग्नानंतर आम्ही भद्रावतीला आलो. मी चार महिने नाटकांच्या मागे आणि उरलेले आठ महिने मिळेल ते काम करत असे. घर तिनंच चालवलं. एका दुकानात ती चौदा वर्षं साड्यांना फॉल-पिको करत बसली. दुकानाची बाई तोंडानं फार कडक. पाणी प्यायला उठलं तरी घड्याळाकडे पाही. पुढे माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, दिव्याच्या उजेडात अक्षरं एकमेकांवर चढू लागली, आणि मी पुस्तक मिटलं. त्याच वर्षी तिनं दुकान सोडलं. आम्ही एक टिनाचं शेड घेतलं, चार मशिनी टाकल्या आणि पडदे शिवू लागलो. घरांचे, ऑफिसांचे, होस्टेलांचे. शेजारच्या दोघी जणी कामाला यायच्या. शेडमध्ये बायको मोठमोठ्यानं बोले, हसे, वाटेल तेव्हा पाणी पिई. चौदा वर्षांत न ऐकलेला तिचा आवाज मी त्या शेडमध्ये ऐकला.

मग होस्टेलांचं काम देणारा ठेकेदार बाहेरून तयार पडदे मागवू लागला. चारपैकी तीन मशिनींवर कापड झाकून ठेवावं लागलं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर शेड सोडायचं. दुकानाच्या बाईचा निरोप आलेलाच होता, की तुझी जागा रिकामी आहे. निरोप ऐकून बायको नुसतीच "बरं" म्हणाली. ते "बरं" माझ्या काळजात रुतलं.

गावाजवळच्या फॅक्टरीच्या कॉलनीत विम्याचं काम करणारे एक गृहस्थ आमचं गिऱ्हाईक होते. त्यांनीच मला या बैठकीत पहिल्यांदा नेलं. "तिथी ओळखी होते, अन् ओळखीतून काम मिळते," म्हणाले. पुढच्याच महिन्यात ते मुलाकडे पुण्याला निघून गेले, आणि मी त्या हॉलमध्ये एकटा पडलो.

सभासद म्हणून माझा पहिला बुधवार पोळ्याच्या आठवड्यातला. बायकोनं पडद्यांच्या कापडाचे हातभर तुकडे कडा शिवून, कड्या लावून, एकावर एक बसवून छान नमुन्याची वही केली होती. ती कापडी पिशवीत घालून वर दोरीची गाठ मारून दिली. ताजी कार्डंही छापून आणली होती. एस.टी.त मी आपलं मिनिट मनात घोकत होतो. शब्दन् शब्द पाठ होता.

माझी पाळी आली. उभा राहिलो. नाव सांगितलं. आणि समोर तीस चेहरे वर करून माझ्याकडे बघत होते. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं वर बघितलं नव्हतं. मीच खालून नटांकडे बघत असे. माझं तोंड उघडं राहिलं. मी वाट बघत होतो. कशाची, ते बसल्यावर कळलं. पुढचं वाक्य कुणीतरी खालून देईल याची! घंटी वाजली. काही जणांनी समजुतीच्या टाळ्या वाजवल्या. पोह्यांवरची तर्री त्या दिवशी मला तिखटसुद्धा लागली नाही.

घरी आलो तर बायको दारातच. "काय म्हनाले लोक?"

"चांगलं झालं. म्हनाले, सांगू."

तिनं शिरा केला. तो मी खाल्ला. याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या बुधवारपासून मी हात धुवायला जाऊ लागलो. बैठकीत पाळी डावीकडून फिरत यायची. माझ्या अलीकडचा तिसरा माणूस उभा राहिला की मी उठायचो. इतके स्वच्छ हात अख्ख्या चंद्रपुरात डॉक्टरांचेही नसतील. परत येईपर्यंत पाळी पुढे गेलेली असे. कार्डांचा गठ्ठा खिशात घामानं मऊ पडत होता. पिशवीची गाठ तशीच होती. आणि घरी प्रत्येक वेळी, "म्हनाले, सांगू." बायको हे शेजारच्या दोघींना सांगायची, "लोक म्हनून राह्यले, सांगू." त्या दोघीही मान हलवायच्या.

बैठकीत एक मात्र होत होतं. माणसं दर बुधवारी जवळपास तेच बोलतात. दोन-तीन आठवड्यांत मला सगळ्या हॉलची मिनिटं पाठ झाली. कुठे कोण श्वास घेतो, कोण कुठे अडखळतो, सगळं. सवयच ती.

माझ्या बाजूला कोरपन्याकडचे एक सिमेंटच्या पाइपांचे कारखानदार बसत. आडदांड माणूस, बाहेर अंगणात बोलला तर कावळे उडावेत. पण एक मिनिटाला उभा राहिला की हाताची बोटं टेबलाची कड शोधत. एका बुधवारी ते आईला दवाखान्यात ठेवून आले होते. "आमच्या कारखान्यात..." म्हणाले आणि थांबले. चेहरा पांढरा झाला. मी काही ठरवलं नव्हतं. मान खाली, ओठ जेमतेम उघडे, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "...शेतातल्या मोरीपासून मोठ्या नालीपर्यंत सगळे पाइप तयार होतात."

त्यांनी वाक्य उचललं. पुढचं दिलं, तेही उचललं. घंटी वाजायच्या आत त्यांचं मिनिट पुरं झालं, आणि हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. पोह्यांच्या वेळी त्यांनी माझा दंड पकडला. "तुमीच बोलले ना बापा खालून?"

मग मी त्यांना खड्ड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी दोन मावशांची नावं सांगितली, दोघी वडशाच्या, दोघी नाटकाच्या वेड्या. मी त्यांच्या आईची चौकशी केली. त्या हॉलमध्ये मी कुणाशी तरी पहिल्यांदा बोललो, ते असं.

पुढच्या वेळी माझ्या दुसऱ्या बाजूला दातांच्या डॉक्टरीणबाई येऊन बसल्या. "भाऊ, मला पण घाबरायला होतं. जरा लक्ष ठेवाल?" मी म्हटलं, तुमचं तिसरं वाक्य फार लांब आहे, तिथे श्वास तुटतो, त्याची दोन करा. त्यांनी केली. मग माझ्या आजूबाजूच्या खुर्च्यांसाठी ओढाताण सुरू झाली. लोक बैठकीआधी चिठ्ठ्या घेऊन येत. मी कुणाचा शेवट बदलून दे, कुणाला सावकाश बोलायला सांग, असं करू लागलो. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचा भाऊ बोलत नाही, कोण पहाटे वरोऱ्याहून गाडी चालवत येतो, सगळं मला कळू लागलं. भीती कुठल्या कुठे गेली. बुधवारची मी वाट पाहू लागलो. माझी पाळी मात्र अध्यक्षांना सांगून मी शेवटी घ्यायला लावली होती. शेवटी पोह्यांचा वास यायचा आणि माझं मिनिट राहून जायचं.

म्हणजे बघा. तीस जणांची ओळख झाली, तिसांनाही मी हवाहवासा झालो, आणि माझा धंदा काय हे एकालाही ठाऊक नाही! असलं व्यापारीपण कुणी पाहिलं नसेल.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. एका दुपारी मी बाजारातून आलो तर बायको शेडमध्ये मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. शिवत नव्हती. बैठकीच्या नोंदणीच्या कागदावर मी तिचा नंबर दिला होता, माझा फोन साधा म्हणून. पाइपवाल्या भाऊंनी त्यावर फोन केला होता. बुधवारी माझ्याच बाजूला बसा म्हणावं, त्यांच्याशिवाय बोलणं होत नाही, असं सांगायला. बायकोनं हौसेनं विचारलं, "भाऊ, आमचे पडदे पसंत आले काय तुमाले?" तर ते म्हणाले, "कोनते पडदे? आमचे भाऊ तं भाषण शिकवते ना?"

हे तिनं मला सांगितलं, आवाज न चढवता. मग पिशवी मांडीवर घेतली आणि गाठीवरून बोट फिरवलं. तिच्या हातची गाठ मला कधी सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. पोळ्याच्या आठवड्यात मारलेली गाठ जशीच्या तशी होती.

"मले वाटे, तुमी शेडचं सांगून राह्यले."

मी म्हटलं, "उभं राह्यलं की काहीच आठवत नाई. दातखिळी बसते."

"भ्या वाटते, तं सांगाचं ना मले. मी काय खाऊन टाकते?" तिनं पिशवी मशीनवर ठेवली. मग म्हणाली, "जाऊ द्या. मी जाईन दुकानात परत. त्यात काय एवढं. चौदा वर्सं केलंच ना."

ती हे इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, की मला रडू आलं. भांडली असती तर मी भांडलो असतो. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिची ती जुनी नजर आली, खड्ड्याच्या काठावरची.

"बुधवारी मी पन येते," म्हणाली.

बुधवारपर्यंतच्या चार दिवसांत तिनं माझी तालीम घेतली. मी कापड कापायच्या टेबलापुढे उभा, आणि ती टेबलाखाली बसलेली, खड्ड्यात बसल्यासारखी. शेजारच्या दोघी प्रेक्षक. तिला कागद भरभर वाचता येत नाही, म्हणून ती आपल्या मनानं वाक्यं द्यायची, दर वेळी वेगळी. "अगं, एकच ठेव ना," मी चिडायचो. "बोलनं हाये, शिवनं थोडीच हाये मापानं कराले," ती खालून म्हणायची. आम्ही खूप हसलो. पाठ मात्र काही झालं नाही.

बुधवारी पहिल्या एस.टी.नं निघालो. तिनं लग्नकार्याला नेसते ती साडी नेसली होती. हॉलमध्ये पाहुण्यांच्या खुर्च्या पार मागच्या भिंतीला, तिथे तिला बसवलं. तिथून मला तिचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आज माझं विसरू नका, असं मी स्वतःच अध्यक्षांना सांगितलं होतं. एका बाजूला पाइपवाले भाऊ, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई.

उभा राहिलो. नाव सांगितलं. आणि पुन्हा तेच. तीस चेहरे, तोंड कोरडं. मागे भिंतीशी बायको पुढे वाकून बसली होती. तिचे ओठ हलत होते. मला दिसत होतं की ती वाक्य देते आहे, पण मधे अख्खा हॉल होता.

तेवढ्यात उजवीकडून आवाज आला. "पडदे! पडदे म्हना!"

पाइपवाले भाऊ. आपल्या मते कुजबुजत होते. त्यांची कुजबुज ती! सगळ्या हॉलच्या माना तिकडे वळल्या. डावीकडून डॉक्टरीणबाई, "आम्ही पडदे शिवतो, भाऊ, आम्ही पडदे..." समोरून वरोऱ्याचा गाडीवाला, "घरचे! ऑफिसचे!" माझा धंदा काय हे पाइपवाल्या भाऊंना त्या दिवशी फोनवर बायकोकडून कळलं होतं, आणि त्यांनी सगळ्यांनी ते आपसांत वाटून घेतलं होतं बहुतेक. तीन तोंडांतून तीन वाक्यं, तीही एकमेकांत घुसलेली.

आणि माझं टाळकं सटकलं. भीती बाजूला राहिली. इतकं घाणेरडं प्रॉम्प्टिंग मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"अहो, हळू ना!" मी ओरडलोच. "प्रॉम्प्टिंग असं असते काय? पार राजुऱ्यापर्यंत आयकू गेलं! एकानं बोलाचं, बाकीच्यानं गप राहाचं. नटाचा श्वास पाहाचा, अन् मंग वाक्य द्याचं. मी सत्तावीस वर्सं खड्ड्यात बसलो, पन असा गोंधळ नाई केला कधी!"

हॉल हसला. मीही थांबलो, आणि कळलं की आपण बोलतो आहोत. मग थांबवेना. घोकलेलं एक वाक्य आलं नाही. फाटलेल्या पडद्याचं आलं, खड्ड्याच्या काठावर बसून टाके घालणाऱ्या मुलीचं आलं, चौदा वर्षांच्या फॉल-पिकोचं आलं. शेडमध्ये चार मशिनी आहेत आणि तीन झाकलेल्या आहेत, हे आलं. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर तिला पुन्हा त्या दुकानात जावं लागेल, आणि ते मला नको आहे, हेही आलं. असलं व्यापाऱ्यानं बोलू नये म्हणतात. मी बोललो. मिनिट कधीच उलटून गेलं होतं. अध्यक्षांचा हात घंटीकडे गेला, तर पाइपवाल्या भाऊंनी घंटीच उचलून मांडीवर घेतली.

"पडदे मी नाई शिवत," मी शेवटी म्हणालो. "ते शिवते. ते तिथी बसली हाये."

सगळे मागे वळले. बायको उठली, पिशवी घेऊन खुर्च्यांच्या मधून पुढे आली आणि टेबलावर ठेवून तिनं आपल्या हातानं गाठ सोडली. नमुन्याची वही एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागली. लोक कापडाची कड उलटी करून टाके बघत होते. पोहे थंड झाले.

डॉक्टरीणबाईंनी त्याच सकाळी आम्हाला आपल्या दवाखान्यात नेलं. पेशंटच्या तीन खुर्च्यांच्या मधले पडदे हवे होते, बायकोनं टेपनं माप घेतलं. पाइपवाल्या भाऊंच्या गावच्या शाळेत नवा रंगमंच बांधला होता, त्याला पडदाच नव्हता. "दिवाळीनंतर मंडईच्या आत पायजे," म्हणाले, आणि सरपंचाला तिथूनच फोन लावला.

दुपारच्या एस.टी.त आम्हाला मागची सीट मिळाली. गाडी शहराबाहेर पडली तशी बायकोनं फोन काढून दुकानाच्या बाईला लावला. "बाई, मी नाई येत आता. ते जागा दुसऱ्या कोनाले देऊन टाका." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ती "हाव, हाव" म्हणत राहिली आणि मग फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

मला वाटलं, ती शाळेच्या पडद्याचा हिशेब मांडते आहे, किती वार कापड, कोणता रंग. मी विचारलं, "काय विचार करून राह्यली?"

"तवाचं आठवलं. नाटक सरलं की सारे येत समोर, हात जोडाले. मी दर खेपेले थांबो मागं, गर्दी निघून जाये तरी." तिनं रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. "वाटे, आता तुमी बी याल खड्ड्यातून वर. कधी नाई आले."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आज आले," म्हणाली.